अक्कांची सासू, नणंद आणि धुळ्याचं माहेर

आमच्या संस्थेच्या जळगावच्या महाविद्यालयात तळमजल्यावर एक थंड खोली आहे. तिच्या दारावर कित्येक वर्षं एक कागद चिकटवलेला असायचा: ‘आत सासूबाई आहेत. चपला बाहेर. बंद-चालूच्या बटणाला हात लावायचा नाही.’ नवीन लागलेला प्राध्यापक तो वाचून गोंधळायचा आणि शिपायाला विचारायचा. शिपाई गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "खरंय सर. नणंदही आतच असते. पण ती बोलकी आहे."

सासू, नणंद आणि थोरली ही त्या खोलीतल्या तीन सर्व्हरची नावं. ती अक्कांनी ठेवलेली. बाहेरच्या इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यावर अडवून ‘कोण? कुठून? काय काम?’ विचारणारी ती सासू. सगळ्या कॉलेजचे मेल इकडून तिकडे पोचवणारी, आणि कोण कुणाला कधी बोललं हे कधीच न विसरणारी ती नणंद. संकेतस्थळ, प्रवेशाचे अर्ज, निकाल असा सगळा संसार डोक्यावर घेऊन उभी असलेली ती थोरली. दिल्लीहून तपासणीला आलेल्या एका समितीसमोर प्राचार्यांनी ‘मेल सर्व्हर’ असा शब्द वापरला, तेव्हा अक्कांनी मधेच विचारलं होतं, "म्हणजे नणंदच ना?" समितीतले एक वयस्कर गृहस्थ हसता हसता खोकू लागले. त्यांचा खोकला थांबेपर्यंत अक्कांनी पाणी दिलं आणि पुढची माहिती त्याच नावांनी सांगितली.

अक्का संस्थेच्या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. एम.एस्सी. झालेल्या, ठेंगण्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. खोलीतला एसी सतत चालू असल्यामुळे त्या बारा महिने स्वेटर घालत. मे महिन्यात, जळगावचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, स्वेटर घालून टपरीवर चहा प्यायला येणारी ही एकच बाई. नवखी माणसं थांबून बघायची. टपरीवाला म्हणायचा, "अक्का, निदान बाहेर आल्यावर तरी काढा." त्या म्हणायच्या, "परत जायचंय ना आत."

मी त्यांच्या हाताखाली थेट कधीच नव्हतो. मी धुळ्याच्या शाखेत प्रयोगशाळा सांभाळतो. तरी पंधरा-वीस वर्षं रोज संध्याकाळी आमचं फोनवर बोलणं व्हायचं, आणि आज मला जे काही थोडंफार येतं ते त्या बोलण्यातून आलेलं आहे. माझ्याबद्दल एक सांगून टाकायला हवं. मला लहानपणापासून अपराधी वाटायची सवय आहे. वर्गात कुणाचं पेन हरवलं की माझे कान लाल व्हायचे. पन्नाशी जवळ आली तरी साहेबांनी नुसतं ‘जरा येऊन जा’ म्हटलं तर वाटेत मी तीन-चार गुन्हे आठवून कबुलीची तयारी करतो. अक्कांना हे पहिल्या महिन्यातच कळलं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुझं डोकं नुसत्या चुकांच्या नोंदी करत बसतं. काम कधी करतं?"

सर्व्हर अडला की जगातला कुठलाही माणूस आधी तो बंद करून परत चालू करतो. बहुतेक वेळा तो चालूही होतो, आणि सगळे आनंदानं घरी जातात. अक्कांना याचा मनापासून राग होता. "बंद करून चालू केलं म्हणजे त्याला काय झालं होतं ते तो विसरला. तो विसरला, तू विसरला. मग पुढच्या आठवड्यात दोघं मिळून परत रडा." यंत्र अडलेलं असताना त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत. पडद्यावर सरकणाऱ्या नोंदी पुटपुटत वाचत. मधूनच ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ असं म्हणत, समोर कुणी गाऱ्हाणं सांगत असल्यासारखं. बाहेर प्राध्यापक मंडळी चुळबुळत उभी असायची. कुणी म्हणायचं, "अक्का, एकदा रिस्टार्ट मारून बघा ना." त्या मान न वळवता म्हणायच्या, "तुमच्या घरी कुणी चक्कर येऊन पडलं तर थोबाडीत मारता का आधी?"

एकदा रोज दुपारी संकेतस्थळ मिनिटभर गायब व्हायला लागलं. बंगळुरूच्या एका जाणकारानं फोनवर सांगितलं, यंत्र जुनं झालंय, नवीन घ्या. अक्का दोन-तीन दिवस नोंदी वाचत बसल्या आणि चौथ्या दिवशी उठून हातात काहीही न घेता आवारात फिरायला लागल्या. वसतिगृहाच्या मागे, बागेत, पाण्याच्या टाकीपाशी. लोकांना वाटलं, कंटाळल्या. त्या टाकीखाली उभ्या राहिल्या. माळ्यानं मोटारीचा खटका दाबला, आणि त्याच क्षणी त्यांच्या मोबाइलवर संकेतस्थळ गेलं. तळमजल्याच्या खोलीतल्या, इंटरनेट आत आणणाऱ्या एका लहान पेटीची वायर कधीतरी कुणीतरी मोटारीच्याच लाइनवर जोडून ठेवली होती. मोटार सुरू होताना दाब पडायचा, पेटी डोळे मिटायची. माळी घाबरून हात जोडायला लागला. अक्का त्याला म्हणाल्या, "तुझं काय चुकलं? झाडांना पाणी नको का?" आणि वायरमनला बोलावून लाइन बदलून घेतली. ती हकिगत मी अजून नव्या मुलांना सांगतो. बाईंनी आजार यंत्राबाहेर जाऊन शोधला होता.

सगळ्या सर्व्हरवर लिनक्स होतं, फुकट मिळणारं, कुणालाही उघडून बघता येणारं. विकतच्या प्रणालीचे दलाल वर्षातून एकदा तरी चकचकीत पत्रकं घेऊन यायचे. अक्का त्यांना चहा पाजायच्या आणि सांगायच्या, "माझ्या घरात कुकर नाही. पातेलं आहे. शिजतंय का करपतंय ते झाकण उचलून बघता येतं. तुमच्या वस्तूचं झाकण उचलता येतं का?" दलाल हसायचे. त्यांना वाटायचं, बाई विनोद करते.

आणि कुणाचं काय चुकलं हे त्या कधी सांगत नसत. एका प्राध्यापकाचा पासवर्ड चोरीला गेला आणि आमची नणंद जगभर भलत्यासलत्या औषधांच्या जाहिराती वाटत सुटली. परिणाम असा की जगातले मोठे मेलवाले आमचं टपाल घेईनात. अख्ख्या कॉलेजला वाळीत टाकलं. अक्का एकेकाला पत्रं लिहीत राहिल्या. पंगतीत परत बसवून घ्यायला बरेच दिवस लागले. प्राचार्यांनी विचारलं, "पासवर्ड कुणाचा होता?" अक्का म्हणाल्या, "कॉलेजचा." प्राचार्य म्हणाले, "अहो, पण माणूस कोण?" "माणसाला मी नवीन पासवर्ड दिलाय. तो आता सगळ्यांपेक्षा सावध आहे. त्याला काढून तुम्ही नवा बेसावध आणणार का?" ते नाव मला आजही माहीत नाही. बराच काळ मला तो पासवर्ड माझाच असावा असं वाटत होतं.

आता माहेराबद्दल. अक्कांचं सासर असोद्याचं, राहायला जळगावात मेहरूणला. माहेर धुळ्याजवळच्या एका गावचं. थोरलीवरच्या सगळ्या माहितीची एक प्रत त्यांनी धुळ्याला माझ्या प्रयोगशाळेत, एका वेगळ्या सर्व्हरवर ठेवायची व्यवस्था केली होती. त्या सर्व्हरचं नाव माहेर. जळगावहून रोज आपोआप नवीन माहिती उचलून धुळ्याला आणून टाकणारा जो प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता, त्याचं नाव मुराळी, लेकीला आणायला जातो तो. आणि वर्षातून एक दिवस, आखाजीला, त्या जळगावची थोरली जाळ्यातून काढून टाकायच्या आणि सगळं कॉलेज दिवसभर धुळ्यावरून चालवायच्या.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. अक्का त्या दिवशी सकाळच्या एसटीनं धुळ्याला येत, डब्यात सांजोऱ्या घेऊन. आल्या आल्या माहेरसमोर बसत आणि जळगावला फोन करून म्हणत, "काढा थोरलीला." लोक म्हणायचे, चालत्या गाडीचं चाक कशाला काढून बघता? प्रत ठेवलीय ना, मग झालं. अक्का सांजोरी मोडत म्हणायच्या, "माहेर आहे असं नुसतं म्हणून काय उपयोग? एक दिवस जाऊन राहून बघावं लागतं. जेवायला वाढतात का, अंथरूण आहे का."

संध्याकाळी थोरली परत जागेवर आली की त्या एसटीनं जळगावला परत जात. त्यांच्या भावांचं घर धुळ्यापासून अर्ध्या तासावर होतं. तिकडे त्या कधी गेल्या नाहीत. एकदा मी विचारलं, "अक्का, आखाजीचं गावाला नाही का जाणार?" त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "तिथलं मी एकदा तपासून बघितलं होतं."

एका दसऱ्याला आमच्याकडे यंत्रपूजा झाली. शिपायानं भक्तिभावानं माहेर बंद केलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि परत चालू केलं. हिरवा दिवा लागला, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पण प्रती साठवायची जी मोठी वेगळी डिस्क होती, ती परत जोडली गेलीच नाही. मुराळी रोज येत राहिला. खोलीचं दार बंद, म्हणून तो सामान ओसरीवरच, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या छोट्या डिस्कवर, ठेवून जात राहिला, आणि ‘पोचवलं’ असं सांगत राहिला. काही दिवसांनी ओसरी भरली. मला कळलं तेव्हा मी फोनवर आधी माफी मागायला लागलो. शिपायाची चूक, माझी चूक, मी बघायला हवं होतं, मी तिथं असून... अक्का धुळ्याच्या बोलीत म्हणाल्या, "रडू नको रे भाऊ. डिस्कवरला दिवा कोनता लागेल शे ते सांग."

मी दिव्याचा रंग सांगितला. अर्ध्या तासात सगळं जागेवर होतं. मग त्यांनी मुराळीला एक नवी शिस्त लावली. त्या डिस्कवर एक लहानशी फाइल ठेवली, तिचं नाव तुळस. मुराळीनं आधी तुळस बघायची. दिसली तरच सामान ठेवायचं, नाही तर तसंच परत फिरून बोंब मारायची. शिपायाला त्यांनी फोनवर बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्यालाही पूजा करायची बरं का. माळ मात्र पंख्यापासून लांब."

ही सगळी तयारी ज्या दिवसासाठी होती, तो दिवस प्रवेशाच्या हंगामात आला. मी त्या दिवशी बैठकीसाठी जळगावला आलो होतो. प्रथम वर्षाचे अर्ज ऑनलाइन भरणं चालू होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपणार होती, आणि गुणवत्ता यादी त्यानंतर लगेच. मुदतीत ज्याचा अर्ज नाही तो पहिल्या यादीत नाही, आणि आमच्याकडे पहिल्या यादीनंतर फारसं काही उरत नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी अक्का प्राचार्यांच्या दालनात आल्या. आत प्राचार्य, संस्थेचे सचिव, कार्यालय अधीक्षक आणि आम्ही दोघं-तिघं. अक्का स्वेटर घालूनच उभ्या राहिल्या.

"प्रवेशाचे अर्ज पुसले गेलेत. सगळे," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीची चाचणीची प्रत काढून जागा मोकळी करत होते. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. मी चुकीच्या खिडकीत आज्ञा दिली. साइट मीच बंद केलीय. धुळ्याहून कालपर्यंतचं परत येतंय, तासाभरात सगळं उभं राहील. आज सकाळी ज्यांनी अर्ज भरले त्यांचे मात्र कुठेच नाहीत."

सचिव भला माणूस. तो हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, दार लावून घ्या. हे बाहेर ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून सांगू. वीज गेली, असं काहीतरी."

"तांत्रिक काहीच बिघडलं नाही हो. यंत्रानं मी सांगितलं तेच केलं."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"माझं भलं नंतर बघू. बिघाड म्हटलं की पोरांना वाटतं, होईल आपोआप दुरुस्त. ती घरी बसून राहतील. त्यांच्या हातात पोचपावती आहे. त्यांचा अर्ज नाही, हे त्यांना स्पष्ट सांगायला लागेल. कुणाकडून गेला तेही सांगायला लागेल, नाहीतर ती सांगणाऱ्यावर विश्वास कशाला ठेवतील?"

मला इथे एक कबूल करू द्या. त्या बोलत होत्या तेव्हा माझ्या मनात सगळ्यात पहिली भावना आली ती सुटकेची. या खेपेला मी नव्हतो. आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली. मी आयुष्यभर चुका कबूल करत आलो आहे, केलेल्या आणि न केलेल्या. पण माझ्या प्रत्येक कबुलीत समोरच्यानं ‘असू दे हो’ म्हणावं अशी एक मागणी लपलेली असते. अक्कांच्या बोलण्यात तसलं काही नव्हतं. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. इतक्या वर्षांत मला त्या एवढ्या उंच कधी वाटल्या नव्हत्या.

धुळ्याची प्रत आली. कालपर्यंतचा एकेक अर्ज, एकेक दाखला जागेवर होता. प्रश्न उरला सकाळच्या मुलांचा. ती कोण, हेच माहीत नव्हतं. नाव, गाव, फोन सगळं त्या अर्जातच होतं.

"नणंदेला विचारू," अक्का म्हणाल्या.

अर्ज भरला की पोचपावतीचा मेल जायचा. तो नणंद पोचवायची, आणि कुणाला काय पोचवलं ते टिपून ठेवायची. तिच्या नोंदींत सकाळच्या पावत्यांवरची नावं आणि मेलचे पत्ते सापडले. पण पत्ते मुलांचे नव्हतेच. आमच्याकडची बहुतेक सगळी पोरं गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात अर्ज भरतात, आणि केंद्रवाला सगळ्यांच्या अर्जात स्वतःचाच ईमेल टाकतो. पोरांना मेल कुठे बघता येतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आमच्या हाती तीस-चाळीस मुलांऐवजी सात-आठ केंद्रवाले लागले. पारोळा, एरंडोल, अमळनेर, असोदा.

केंद्रवाल्यांकडून मुलांच्या घरचे नंबर मिळवून आम्ही सगळे फोनवर बसलो. आणि एक भलतीच अडचण आली. कुणी आमच्यावर विश्वासच ठेवेना. ‘तुमचा अर्ज पुसला गेलाय, परत भरा, मोबाइलवर ओटीपी येईल’ हे वाक्य आजकाल कुणालाही ऐकवून बघा. एका बापानं मला असल्या शिव्या दिल्या की मी त्याची माफी मागून फोन ठेवला. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तोच नंबर परत लावला. "शिव्या झाल्या का देऊन? आता कॉलेजच्या साइटवर जा, तिथं कार्यालयाचा नंबर आहे, त्यावर तुम्ही फोन करा. मी उचलते." माणसानं केला. त्यांनी उचलला.

असं करत संध्याकाळपर्यंत बहुतेक मुलं सापडली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच नाव उरलं. असोद्याच्या केंद्रात भरलेला एका मुलीचा अर्ज. केंद्रवाला फोन उचलत नव्हता. अक्कांनी डोक्याला ओढणी गुंडाळली आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या.

असोद्याच्या केंद्रवाल्यानं त्यांना दारात बघून कपाळाला हात लावला. "अक्का, तुमी कायले आल्या उन्हात? फोन कराचा व्हता!"

"दहादा केला. तू उचलला का?"

"नवीन नंबर मी उचलतच नाही. ओटीपीवाले लई झाले."

"बरं करतोस. ती पोरगी कुठं आहे?"

"ते मावशीकडं गेली, दीपनगरले. कागदं आहे ना माह्याजवळ, मीच भरून देतो."

"ओटीपी तिच्या फोनवर येणार. तिला विचारल्याशिवाय तिचं काहीही भरायचं नाही."

आम्ही कागदपत्रांची पेनड्राइव्ह घेतली आणि भुसावळमार्गे दीपनगर गाठलं. औष्णिक केंद्राच्या वसाहतीतलं घर होतं. दारातल्या स्कूटरच्या सीटवर राखेचा बारीक थर. मुलीचे काका नुकतेच पाळीवरून आले होते, बनियनवर बसले होते. मुलगी आतून आली. मावशींनी पाण्याचा तांब्या-भांडं आणून ठेवलं. अक्कांनी ते हातानं बाजूला सरकवलं. "आधी काम," म्हणाल्या. दोन तासांत मुदत संपत होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आयकार्ड दाखवा."

अक्कांचं ओळखपत्र थंड खोलीतल्या खिळ्याला लटकत राहिलं होतं. मी घाईघाईनं माझं काढून दिलं. काकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "हे धुळ्याचं. कॉलेज जळगावचं. बाई म्हणते मी असोद्याची. आणि घरी येऊन ओटीपी मागताय. तुम्हीच सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"हाकलून दिलं असतं," अक्का म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. मी परत सांगते. तुमच्या पोरीनं काल सकाळी अर्ज भरला. तो बरोबर होता. तिचं काही चुकलं नाही, केंद्रवाल्याचं चुकलं नाही. तो माझ्या हातानं पुसला गेला. आज संध्याकाळच्या आत परत भरला नाही, तर माझ्या चुकीपायी तिची जागा जाईल. तुम्ही कार्यालयात फोन करून खात्री करा. ओटीपी मला दाखवूही नका."

काका फोन शोधायला उठले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, ह्या खऱ्या आहेत."

"तुला काय माहीत?"

"ओटीपीवाले कधी आपली चूक आहे असं म्हणत नाहीत. ते आपल्यालाच घाबरवतात. तुमचं खातं बंद होईल, तुमचं हे चुकलंय, ते चुकलंय. ह्या मघापासून स्वतःचंच सांगताहेत."

काकांनी फोन शोधून हातात घेतला. मग म्हणाले, "तरी मी फोन करणार." आणि केला. कार्यालयातून अधीक्षकांनी खात्री दिली, तेव्हा कुठे त्यांनी शर्ट घातला आणि पंखा आमच्याकडे वळवला.

माझ्या लॅपटॉपवर अर्ज भरायला वीसेक मिनिटं लागली. मोबाइलवर ओटीपी आला तेव्हा अक्कांनी खरोखरच तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि मला डोळ्यांनी खुणावलं, मीही फिरवलं. मुलीनं आकडे टाकले. नवीन नोंदणी क्रमांक आला.

"हा नंबर पहिल्यापेक्षा खूप मागचा आहे," मुलगी म्हणाली. "मी यादीत मागे जाईन का?"

"यादी गुणांवर लागते, नंबरावर नाही. किती आहेत?"

मुलीनं सांगितले. अक्कांनी मान डोलावली. "मग माझ्या हातून दोनदा पुसलं गेलं तरी तुला कुणी अडवू शकत नव्हतं. पण पुसायला नको होतं. ती माझी चूक."

मावशी पदराआड हसल्या. काकांचा चेहरा आता पुरता निवळला होता. त्यांनी माझ्याकडे वळून, गप्पा मारायच्या सुरात विचारलं, "आणि साहेब, तुम्ही का हिंडताय यांच्याबरोबर? तुमचं काय चुकलं होतं?"

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं काहीतरी ओठांवर आलंच होतं. आम्हीही जरा लक्ष द्यायला हवं होतं, प्रत दिवसातून दोनदा घ्यायला हवी होती, असलं काहीतरी.

"याचं काही चुकलं नाही," अक्का म्हणाल्या. "याच्याकडचं बठ्ठं, एकूण एक, जागेवर होतं. म्हणून तर मला एवढीच घरं हिंडायला लागली."

त्यांनी ते माझ्याकडे न बघता, पेनड्राइव्हला टोपण लावता लावता सांगितलं. मग त्यांनी मघाशी बाजूला सरकवलेलं भांडं उचललं, सगळं पाणी एका दमात प्यायल्या आणि रिकामं भांडं मावशींपुढे धरलं.

"याले बी द्या," त्या म्हणाल्या.